मदत हवी आहे: ७ इंची सर्क्युलर सॉसाठी परवडणारं ब्लेड कोणतं? (जुने वासे आणि ७१० म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय, दोन्ही कापायचे आहेत)

डिचोलीकर:

नमस्कार मंडळी,

घरच्या सुतारकामासाठी ब्लेड घ्यायचं आहे. खर्च दोन हजारांच्या आत बसवायचा आहे. इथे गोव्यात, म्हापशात चौकशी केली तर प्रत्येक दुकानात वेगळाच सल्ला मिळाला, म्हणून प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना विचारतोय.

यंत्र हातात धरून चालवायचं, १२०० वॅटचं आहे. ब्लेड १८५ मिमी, मधलं भोक २० मिमी, वेग मिनिटाला ५,००० फेऱ्यांच्या आसपास. सोबत आलेलं ब्लेड २४ दात्यांचं होतं, त्याची धार आता गेली आहे.

पावसाआधी घराचं छप्पर उतरवलं. त्यातले वासे बहुतेक माट्टीचे (ऐन), थोडे फणसाचे. वरून काळे पडलेत पण रंधा मारला की आतलं लाकूड बघत राहावं असं. हे लाकूड जळणात जाऊ द्यायचं नाही, एवढं घरात सगळ्यांचं ठरलं आहे. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी त्यातून माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची, नवी चौकट आणि गणपतीसाठी चौरंग करायचा आहे. जुनी चौकट वाळवीने पोखरली. त्यानंतर स्वयंपाकघरातले कप्पे, ते मात्र १८ मिमीच्या ७१० प्लायचे, वरून सनमायका लावलेले. आमच्याकडच्या दमटपणात साधा प्लाय टिकत नाही.

अडचण दोन ठिकाणी येते. वासा उभा चिरताना अर्ध्यावर यंत्राचा आवाज जड होतो, धूर येतो आणि कापाच्या दोन्ही बाजू करपतात. वासा ३ इंच जाड आहे आणि यंत्र एका वेळी जेमतेम अडीच इंच कापतं, त्यामुळे उलटून दोन्हीकडून कापतो. फणसाच्या लाकडाला तर ब्लेडवर तपकिरी चिकट थर बसतो. आणि प्लाय कापला की वरच्या बाजूला सनमायकाच्या कपच्या उडतात, कड करवतीने कुरतडल्यासारखी दिसते.

एका दुकानदाराने सांगितलं, ४० दात्यांचं एकच घ्या, सगळं कापतं. दुसऱ्याने ६० दाते दाखवले. आणखी एकाने सुचवलं की मार्बल कटरलाच ४ इंची लाकडाचं ब्लेड लावा, स्वस्तात काम होईल. ते मी करणार नाही, आणि वाचणाऱ्यांनीही करू नये असं मनापासून वाटतं. ते यंत्र मिनिटाला १२,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतं, त्याचं गार्ड फरशी कापण्यासाठी बनवलेलं असतं. दाते लाकडात अडकले तर यंत्र उलटं अंगावर येतं.

माझे प्रश्न:

एकच चांगलं ४० दात्यांचं घ्यावं, की २४ आणि ६० अशी दोन? दोन घेतली तर पैसे कोणावर जास्त घालावेत? बिनब्रँडच्या ब्लेडवर भोक २५.४ मिमी असतं आणि रिंग घालून २० करतात, ते चालतं का? दुकानात उभ्या उभ्या बरं ब्लेड ओळखायचं कसं?

रंधा:

डिचोलीकरभाऊ, मार्बल कटरबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या भागात त्याच्यामुळे बोटं गेलेले मेस्त (सुतार) मी पाहिलेत.

आता ब्लेड. उभा काप म्हणजे भुसा लांब आणि भरपूर निघतो. तो बाहेर काढायला दोन दात्यांमधली खाच मोठी हवी, म्हणजे दाते कमी हवेत. जाड माट्टीत ४० किंवा ६० दाते घातले तर भुसा खाचेतच कोंबला जातो, ब्लेड तापतं, लाकूड करपतं. १२०० वॅटच्या मोटरला ते झेपतही नाही. तेव्हा वाशांना २४, प्लायला ६०. एरवी ४० दोन्हीकडे चालतं, पण तुमची दोन्ही कामं टोकाची आहेत.

पैसे ६० वर घाला. जुन्या वाशांत खिळे असतातच, रिपांचे खिळे तुटून आत राहिलेले असतात आणि बाहेरून फक्त काळा ठिपका दिसतो. एका खिळ्यावर कार्बाइडचे (टोकाला बसवलेल्या अतिकठीण तुकड्यांचे) दोन-तीन दाते उडाले की महागड्या ब्लेडचीही माती. म्हणून तिथे स्वस्त २४ लावा. कापण्याआधी मात्र वाशावर जाडसर लोहचुंबक सगळीकडे फिरवा. जिथे ओढ लागेल तिथे खिळा उकरून काढा, गॉगल घाला, मग यंत्र लावा.

स्वस्त घ्या म्हणजे वाटेल ते घेऊ नका. दुकानात ब्लेडच्या पत्र्यावर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडात बघा. खालून प्रकाश दिसला तर पत्रा वाकडा आहे, ठेवून द्या. प्रत्येक दात्यामागचा झाळ (कार्बाइडचा तुकडा पत्र्याला जोडणारा सांधा) बघा, तो सलग हवा, त्यात बारीक खड्डे नकोत. कार्बाइडचा तुकडा जाड असेल तर पुढे धार लावून घेता येते. पातळ असेल तर एकदा वापरून टाकायचं. आणि ब्लेडवर छापलेला कमाल वेग तुमच्या यंत्राच्या वेगापेक्षा जास्त हवा. काहीच छापलेलं नसेल तर फुकट मिळालं तरी घेऊ नका.

रिंग चालते, पण बोटाने दाबल्यावर घट्ट बसली पाहिजे आणि पत्र्याच्या वर आली नाही पाहिजे. सैल रिंग म्हणजे ब्लेड डोलणार.

६० दात्यांच्या ब्लेडवर बहुधा दाते एक डावीकडे एक उजवीकडे उतरते घासलेले असतात. प्लायला ते चांगले. हातातल्या सॉचे दाते खालून वर कापत येतात, म्हणून कपच्या वरच्या बाजूला उडतात. सनमायकाची बाजू खाली ठेवा, रेषेवर मास्किंग टेप लावा, आणि ब्लेड प्लायच्या खाली एका दात्याएवढंच बाहेर येईल इतकी खोली ठेवा. निम्मा त्रास इथेच संपेल.

आणखी एक. तुमचं जुनं ब्लेड टाकण्याआधी धुऊन बघा. फणसाचा चीक बसला की धार असूनही ब्लेड बोथट वाटतं. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून अर्धा तास ठेवा, जुन्या टूथब्रशने दाते घासा, लगेच कोरडं करून तेलाचा हात फिरवा. पावसाळ्यात ओलं राहिलं तर रात्रीत गंज चढतो. आणि वासे पावसात भिजले असतील तर काप मागून मिटत जातो आणि ब्लेड चिमटलं जातं. कापलेल्या फटीत लाकडाची पाचर घालत पुढे जा.

डिचोलीकर:

दादा, फार उपकार. ब्लेड सोड्यात ठेवलं, तपकिरी थर सुटून आला आणि खाली दाते शाबूत दिसले, दोन सोडून. आता ६० चं ब्लेड चांगलं घेतो आणि या जुन्या २४ ला धार लावून बघतो. कार्बाइडवर साधी कानस चालत नाही, डायमंड व्हील लागतं, हे कळलं. म्हापसा, फोंडा किंवा मडगावात असं काम खात्रीने करून देणारं कोणी आहे का? दात्यामागे किती घेतात आणि उडालेले दोन दाते नवे बसवून मिळतात का, तेही सांगा. चवथ जवळ आली आहे.