कुंपणाबाहेर झाडं लावायची आहेत, पण वरून तार गेली आहे

अंगणवेल:
वाईत आमचं घर कोपऱ्यावर आहे. कुंपणाची भिंत आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये सहा-सात फुटांची पट्टी मोकळी आहे. सासऱ्यांना यंदा 75 पूर्ण होतात, म्हणून तिथे पाच झाडं लावायचं घरात ठरलंय. नर्सरीवाला गुलमोहर आणि नारळ घ्या म्हणतो. पण वरून तीन तारांची लाइन जाते, खालून नळाची पाइपलाइन. शिवाय आवारात जुना आंबा आहे, त्याच्या फांद्या दर मे महिन्यात छाटतात. शेजारी म्हणतात, तोडूनच टाका. काय करावं?

जुना लाइनमन:
ताई, 31 वर्षं खांबावर चढलोय, म्हणून कळकळीनं सांगतो, तारेखाली नारळ लावू नका. तीनच तारा असतील तर ती बहुधा 11 हजार व्होल्टची. वळवाच्या पहिल्या पावसात ओली झावळी तारेला टेकते, निळी ठिणगी चरचरते आणि झावळीचं टोक बघता बघता कोळसा होतं. तशा झाडाच्या बुंध्याला हात लावायला निघालेल्या पोराला मी दंडाला धरून मागे ओढलंय. लोखंडी आकडीनं शेवग्याच्या शेंगा काढणाऱ्यांचीही हीच भीती वाटते. गुलमोहरही नको, फांदी ठिसूळ आणि मुळं उथळ.

इमारतीसाठी 11 केव्हीच्या, म्हणजे 11 हजार व्होल्टच्या, तारेपासून आडवं अंतर किमान 1.2 मीटर लागतं. झाड तर वाढतं आणि वाऱ्यात झुलतं, त्याला त्याहून बरंच लांब ठेवा. तारेखाली पारिजातक, तगर, जास्वंद, कढीपत्ता लावा. आणि कोपऱ्यावर गुडघ्यापेक्षा उंच काही नको, वळणाऱ्या गाडीला समोरचं पोर दिसलं पाहिजे.

आंब्याला हात लावू नका. नगरपालिकेच्या हद्दीत 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, स्वतःच्या आवारातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. 50 वर्षांचं झाड तर आता वारसा वृक्ष धरतात. वीज अधिनियम 2003 चं कलम 68 ही वाचा. लाइनला अडणारं झाड काढायचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात, पण झाड लाइनच्या आधीचं असेल तर भरपाई द्यावी लागते. आंब्याचा जुना फोटो असेल तर जपून ठेवा.

कांदेवाला:
आमच्या रानातून गॅसची पाइपलाइन गेलीय. जमीन आमचीच, वापराचा हक्क त्यांचा. 1962 च्या कायद्यानं त्या पट्ट्यात विहीर, घर, झाड काही चालत नाही. कांदा, हरभरा घेतो. बांधाकडेला आजोबांनी लावलेली चिंच त्या वेळी गेली, अजून उन्हात तिथं बसायची सवय मोडत नाही. तुमच्या पट्टीत खड्डा घेण्याआधी पाणी सोडणाऱ्या माणसाला बोलवा, पाइप नेमका कुठून जातो ते त्याला पाठ असतं. आणि पट्टी रस्त्याची असेल तर नगरपालिकेची लेखी परवानगी घ्या, नाहीतर रुंदीकरणात झाडं जातील आणि विचारायलाही जागा राहणार नाही.

अंगणवेल:
दोघांचेही मनापासून आभार. सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आंबा त्यांच्या वडिलांनी लावला तेव्हा गल्लीत कंदील होते. म्हणजे लाइनच्या कितीतरी आधी! लग्नाच्या अल्बममध्ये त्याच्याखाली मांडव घातलेला फोटो सापडला, मागे एकही खांब नाही. सोमवारी अर्ज घेऊन नगरपालिकेत जाते. तारेखाली दोन पारिजातक आणि दोन तगर, पाचवं झाड आवारात, तारेपासून लांब, बहावा.

जुना लाइनमन:
बहावा उत्तम. खड्डा घेताना मला फोटो टाका, पाइपपासून अंतर बघून सांगतो.