जपानहून परतल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर

साने काका (सेक्रेटरी): वैद्य वहिनी, अकरा दिवसांनी तुमच्या बाल्कनीत दिवा दिसला. सुखरूप आलात ना दोघं? फोटो सावकाश टाका. आधी सांगा, कसं वाटलं जपान?

वैद्य काकू: काल रात्री पोचलो भाऊजी. ह्यांचे पाय सुजलेत, चालणं फार झालं. टोकियो, क्योटो, नारा, कोयासान आणि ओकायामा असं फिरलो. निघाले ती बुलेट ट्रेन आणि टापटीप बघायला. ते सगळं बघितलं. पण डोक्यात घोळतंय ते भलतंच. पहिल्याच दिवशी टोकियोत गणपती भेटला.

रोहन: गणपती? टोकियोत? कुणा भारतीयांनी बांधलंय का देऊळ?

वैद्य काकू: नाही रे, त्यांचाच, शेकडो वर्षांपासूनचा. असाकुसाला सेन्सो-जीचं मोठं देऊळ आहे, दारात तो अवाढव्य लाल कंदील. तिथून दहाएक मिनिटं चाललं की सुमिदा नदीच्या अंगाला एक टेकाड लागतं. त्यावर मात्सुचियामा शोदेन. तिथल्या देवाला ते कांगितेन म्हणतात, म्हणजे आपला विनायकच, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे गेलेला. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत, कायम बंद. आणि नैवेद्य काय माहितीये? मुळा. आपल्या पांढऱ्या मुळ्याहून दुप्पट जाड. भक्त मुळा घेऊन येतात, देवापुढे ठेवतात, हात जोडतात. जागोजागी मुळ्याची आणि पैशाच्या बटव्याची चित्रं कोरलेली. आपण दूर्वा वाहतो, ते मुळा वाहतात. मी एक मुळा वाहिला आणि अथर्वशीर्ष म्हटलं, मनातल्या मनात. शेजारी एक आजीबाई डोळे मिटून उभ्या होत्या. आम्हाला एकमेकींचा शब्द कळत नव्हता, पण आम्ही एकाच देवापुढे उभ्या होतो. तिथून पुढे सगळा प्रवास मी त्याच नजरेने केला.

मुग्धा: काकू, सरस्वतीसुद्धा आहे तिकडे! बेन्झाइतेन म्हणतात. हातात वीणेऐवजी बिवा नावाचं वाद्य असतं आणि देऊळ बहुतेक वेळा पाण्याकाठी.

वैद्य काकू: हो गं, ती पण भेटली. आणि क्योटोत सांजुसांगेन्दो नावाचं लांबच लांब लाकडी देऊळ आहे, साधारण १२० मीटर. आत कान्नोन, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, त्याच्या १००१ मूर्ती. दहा ओळींत उभ्या, मधोमध एक मोठी बसलेली. १२४९ च्या आगीत आधीचं देऊळ गेलं. लोकांनी १२४ मूर्ती बाहेर काढल्या आणि बाकीच्या नव्याने घडवल्या. आत्ताची वास्तू १२६६ ची. त्या हजारांच्या पुढे २८ रक्षक देव उभे आहेत. त्यांत ब्रह्मा आहे, इंद्र आहे आणि चक्क बासरी वाजवणारा गरुड आहे. गरुडाला ते कारुरा म्हणतात. आत फोटोला बंदी. बरंच झालं, माणूस नुसता बघत उभा राहतो.

रोहन: मी मार्चअखेर जातोय ऑफिसच्या मित्रांबरोबर. काकू, जेआर पास, म्हणजे तिथल्या रेल्वेने ठरावीक दिवस हवं तितकं फिरायचा पास, काढू का? यूट्यूबवर सगळे काढा म्हणतात.

वैद्य काकू: ते व्हिडिओ जुने असतील. २०२३ च्या ऑक्टोबरात सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून एकदम ५०,००० वर गेला. टोकियो ते क्योटो एका वेळचं तिकीट साधारण १४,००० येन. नुसतं जाऊन-येऊन करणार असशील तर पास परवडत नाही, सुटी तिकिटं काढ. गावातल्या लोकल-मेट्रोला सुईकासारखं कार्ड घे, तेच दुकानातही चालतं. आणि मोठी बॅग कुरियरने पुढच्या हॉटेलवर पाठवून द्यायची, त्याला ताक्युबिन म्हणतात. दुसऱ्या दिवशी आपल्या आधी बॅग हजर असते. आमच्या वयाला ह्याच्याएवढा आधार दुसरा नाही.

पवार काका: रामकृष्णहरी. वैद्यबाई, मुलगा आम्हाला पण न्यायचं म्हणतोय. गळ्यात माळ आहे. खाण्याचं काय?

वैद्य काकू: पवार भाऊजी, खरं सांगते, हे अवघड गेलं. ज्यांच्याकडून बुकिंग केलं त्यांनी "व्हेज सगळीकडे मिळतं" असं छातीठोक सांगितलं होतं. पहिल्या रात्री नूडल्सच्या दुकानात मांस नको, मासे नको असं कागदावर लिहून दाखवलं. वाडगा आला, वर नुसती पात आणि टोफू. निम्मा संपल्यावर कळलं, खालचं पाणीच माशाचं. त्यांच्याकडे दाशी नावाचा अर्क असतो, सुकवलेल्या बोनितो माशाचे कीस उकळून काढलेला. तो सूपमध्ये, सॉसमध्ये, भाजीतही असतो. त्यांच्या लेखी तो मासा नव्हेच, आपल्या फोडणीसारखा सगळीकडे गृहीत धरलेला. दुकानदाराचा दोष नव्हता. पण मला दोन दिवस खंत वाटत राहिली. म्हणून जाताना जपानीत छापलेलं कार्ड न्या आणि त्यावर दाशीचा उल्लेख हवाच.

आता चांगलं सांगते. कोयासानला जा. डोंगरावरचं देवळांचं गाव, वर जायला केबल कार. पन्नासेक देवळांत मुक्काम करता येतो. तिथे भिक्षूंचं जेवण मिळतं, शोजिन र्‍योरी. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. दाशी समुद्री वनस्पतीची आणि सुक्या अळंबीची. तिळाचं घट्ट गोमा-दोफू तर इतकं मऊ की जिभेवर विरघळतं. एकादशी सोडलेल्या दिवशी जेवल्यासारखं समाधान झालं.

पवार काका: मग तिथेच राहू सगळे दिवस 🙏

वैद्य काकू: तुम्ही तर तिथे जायलाच हवं, कारण निराळं आहे. कोयासान वसवलं कूकाई नावाच्या आचार्यांनी, ८१६ मध्ये. ८३५ मध्ये ते ध्यानाला बसले. तिथले लोक त्यांचं निधन झालं असं म्हणत नाहीत. ते अजून ध्यानस्थ आहेत, असं मानतात. ओकुनोइन म्हणून देवदारासारख्या उंच झाडांचं रान आहे, दोन लाखांहून जास्त समाध्या, शेवाळाने हिरव्या झालेल्या. त्यातून दोनेक किलोमीटर चालत गेलं की शेवटचा पूल. पुलापलीकडे फोटो काढायचा नाही, टोपी काढायची, मोठ्याने बोलायचं नाही. आणि रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला भिक्षू लाकडी पेटीतून त्यांच्यासाठी जेवण नेतात. रोज. जवळजवळ बाराशे वर्षं.

साडेदहाला आम्ही वाटेच्या कडेला उभे होतो. पिवळ्या वस्त्रांतले दोघे पेटी खांद्यावर घेऊन गेले, पुढे एक आचार्य. पावलांखाली खडी वाजत होती, तेवढाच आवाज. मला आळंदी आठवली. १२९६ ची माउलींची संजीवन समाधी, अजानवृक्ष, पहाटेचा गाभारा. हे हळूच म्हणाले, "ह्यांना समजावून सांगायला नको, आपल्याला कळतंय." माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पवार काका: बाई, अंगावर काटा आला. माउली!

कांबळे दादा: काकू, कोयासानला गेला होतात तर विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा पाहिलात का? २०१५ मध्ये आपल्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते अनावरण झालं होतं. माझी तिथे जायची फार इच्छा आहे.

वैद्य काकू: पाहिला रे. मुद्दाम गेलो. सूट, चष्मा, आणि मागे ते धुक्यातले डोंगर. तुझ्यासाठी फोटो काढलाय, वेगळा पाठवते. जिथे हजार-बाराशे वर्षं बौद्ध ग्रंथांचा अभ्यास चालतो तिथे त्यांचं उभं असणं मला फार योग्य वाटलं.

कांबळे दादा: जयभीम काकू. नक्की पाठवा, आईला दाखवतो.

मुग्धा: काकू, ओकुनोइनमध्ये समाध्यांमागे लाकडाच्या उंच फळ्या दिसल्या का? वर नक्षीसारखी अक्षरं?

वैद्य काकू: दिसल्या! विचारणारच होते तुला. देवनागरीची लांबची बहीण वाटली.

मुग्धा: ती सिद्धम् लिपी. आपल्याकडे लोप पावली, तिकडे अजून मंत्राची बीजाक्षरं तिच्यातच लिहितात. बोन्जी म्हणतात. कूकाई चीनमध्ये जाऊन संस्कृत शिकून आले होते. आणि आमच्या जपानीच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी मी थक्क झाले होते ते सांगते. जपानी मुळाक्षरं अशी: अ इ उ ए ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. म्हणून बघा मोठ्याने. 'स' च-वर्गाच्या जागी आलाय आणि 'ह'चा उच्चार पूर्वी 'प' होता, म्हणून तो प-वर्गाच्या जागी. संस्कृत अभ्यासणाऱ्या भिक्षूंमुळे हा क्रम आला. बालवाडीत शिकलेलं मला तिथे परत भेटलं.

साने काका: हे कधीच ऐकलं नव्हतं. बरं वहिनी, स्वच्छतेबद्दल चार शब्द लिहा. आपल्या डी विंगच्या जिन्यासाठी उपयोगी पडतील.

वैद्य काकू: रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळजवळ नाहीतच, भाऊजी. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर डबे काढून टाकले गेले. लोक पिशवीत कचरा घेऊन घरी जातात. मीही पर्समध्ये एक पिशवी ठेवायला लागले. शाळेत मुलं स्वतः वर्ग झाडतात, पुसतात. आपणही शाळेत वर्ग झाडायचो, सडा घालायचो. मी शिकवत होते त्या शाळेत ते कधी बंद झालं हे मला आठवतही नाही, याचं वाईट वाटलं. डी विंगला बोलायचं असेल तर मुलांना घेऊन एक रविवार जिना धुऊ, मी येते.

पण तिथे सगळं आलबेल आहे असंही नाही. क्योटोच्या गिओन भागात गर्दी इतकी की लोक शिकाऊ गेइशांच्या, मायकोंच्या, मागे कॅमेरे घेऊन धावतात. त्या मुली कामावर निघालेल्या असतात. शेवटी २०२४ मध्ये तिथल्या रहिवाशांनी खासगी गल्ल्या पर्यटकांना बंद केल्या, दहा हजार येन दंडाची पाटी लावली. रोहन, तू तसलं काही करू नकोस.

रोहन: नाही काकू, शब्द देतो. क्योटोतल्या फुशिमी इनारी देवळाच्या त्या लाल कमानी बघायला कधी जावं?

वैद्य काकू: पहाटे. ते रात्रंदिवस उघडं असतं. सहाच्या आत पोच आणि डोंगर चढत राहा, २३३ मीटरच आहे. आणि उतरताना कमानींची मागची बाजू बघ. काळ्या अक्षरांत देणगीदाराचं नाव आणि तारीख लिहिलेली असते, दुकानं, कंपन्या, कुटुंबं. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर आणि फरशीवर नावं असतात ना, अगदी तसं. वर जाताना फक्त रंग दिसतो, उतरताना माणसं दिसतात.

कांबळे दादा: नाराला बुद्धमूर्ती मोठी आहे ना?

वैद्य काकू: साधारण १५ मीटर, कांस्याची. ७५२ मध्ये तिचे डोळे रंगवण्याचा सोहळा झाला, आपल्या प्राणप्रतिष्ठेसारखा. तो कुणी केला? बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. ७३६ मध्ये समुद्र ओलांडून गेलेला. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडण्याचं पुण्य सगळ्यांना मिळावं. तो कुंचला त्यांनी अजून जपून ठेवलाय. आपल्याला त्याचं नाव माहीत नाही, मला तरी नव्हतं.

आठवले आजोबा (सूनबाई टाइप करते आहे): वैद्यबाई, सून सगळं वाचून दाखवते आहे. तुम्ही सांगितलंत ते इथून तिकडे गेलेलं. तिकडून इथे काही आलं का?

वैद्य काकू: आजोबा, तुमच्यासाठीच एक राखून ठेवलं होतं. ओकायामाला गेलो, कारण सिंहगड रस्त्यावरची आपली पु. ल. देशपांडे उद्यानाची बाग तिथल्या कोराकुएन बागेवरून बेतलेली आहे. ते मूळ बघायचं होतं, १७०० साली पुरी झालेली बाग. बघितली, सुंदर आहे. पण ओकायामाने आणखी एक दिलंय. रस्त्याकडेला आणि स्टेशनवर पिवळ्या उठावदार फरश्या असतात ना, त्या तिथे सुरू झाल्या. सेइइची मियाके नावाच्या माणसाच्या मित्राची नजर जात चालली होती, म्हणून त्याने त्या तयार केल्या. पहिल्यांदा १८ मार्च १९६७ ला तिथल्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर बसवल्या. लांब पट्ट्या पायाला लागल्या की सरळ चालायचं, गोल ठिपके लागले की थांबायचं. जपानभर आहेत, आणि आपल्या आनंदनगर मेट्रो स्टेशनातही.

आठवले आजोबा (सूनबाई टाइप करते आहे): दोन वर्षं मी त्या स्टेशनात गेलो नाही. धक्के लागतील म्हणून. पट्ट्या म्हणजे चला, ठिपके म्हणजे थांबा, बरोबर?

वैद्य काकू: बरोबर.

आठवले आजोबा (सूनबाई टाइप करते आहे): मुग्धाला सकाळी वेळ आहे का? पातळ तळाचे बूट घालतो. पायाला कळायला हवं.

मुग्धा: आहे आजोबा. साडेसातला गेटपाशी येते, तेव्हा गर्दी कमी असते.