केशरी लायकेन (दगडफूल): झँथोरिया की रुसाव्स्किया? तातडीने मदत हवी

अडकलेला_दगड
उद्या नमुन्याची पाकिटं द्यायचीत आणि मी एका नावावर अडकलोय. जुन्या पुस्तकात झँथोरिया एलेगन्स, नेटवर रुसाव्स्किया एलेगन्स. पाकिटावर काय लिहू? केओएचचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा) थेंब टाकला, लगेच जांभळट लाल झालं. फोटो जोडलाय.

भिंगवाला
फोटो दिसत नाहीये. लायकेन दगडावर होतं की सालीवर?

अडकलेला_दगड
दगडावरच हो! शीर्षकात लिहायचं राहिलं. खडकाच्या माथ्यावर, पक्षी बसतात तिथे.

सदाहरित
हे शेवाळ आहे. ओल कमी करा, आपोआप जाईल.

भिंगवाला
शेवाळ नव्हे. बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार आहे तो, आणि नाव बुरशीचं असतं. आतल्या शैवालाला, ट्रेबॉक्सियाला, वेगळं नाव.
धागाकर्ते, केओएचने काहीच ठरत नाही. तो रंग पॅरिएटिन या केशरी रंगद्रव्यामुळे येतो आणि पॅरिएटिन टेलोस्किस्टेसी कुळातल्या बहुतेक केशरी मंडळींत असतं. झँथोरिया पॅरिएटिनाही तसाच लाल होईल, कॅलोप्लाका ही दुसरी केशरी लायकेनंही. कडेची पाळी (पानासारखा सुटा भाग) चाकूच्या टोकाने उचलून बघितलीत का?

जुनं_ते_सोनं
एलेगन्स म्हणजे झँथोरिया. विषय संपला. ही नावं बदलणाऱ्यांना दुसरा उद्योग नाही.

भिंगवाला
मग झँथोरिया तरी का? 1791 मध्ये लिंक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला लायकेन एलेगन्स म्हटलं होतं, झँथोरियात ते 1860 मध्ये गेलं. तेव्हाही कुणीतरी असंच कुरकुरलं असेल. 2003 मध्ये रुसाव्स्किया ही प्रजाती वेगळी काढली. एलेगन्स तेच, घर बदललं.

जुनं_ते_सोनं
तुमचं घर दर दहा वर्षांनी बदलतं. आम्ही पाकिटं किती वेळा फाडायची?

अवकाशवेडी
अवांतर: हेच लायकेन अंतराळ स्थानकाच्या बाहेर दीड वर्ष ठेवलं होतं आणि परत आल्यावर जिवंत निघालं!!

अडकलेला_दगड
छान. पण माझं पाकीट?

भिंगवाला
पाळी सुटते का ते सांगा. कॅलोप्लाका सॅक्सिकोलाच्या गटात खालची साल नसते, ते दगडाला लेपासारखं चिकटतं. खरवडल्यावर दगडाचा चुराच हाती येतो. एलेगन्सच्या पाळ्या अरुंद, फुगीर, पण पात्याने सुटतात. शिवाय भिंगाखाली पाळ्यांवर पिठासारखी भुकटी, म्हणजे सोरेडिया, दिसतात का? दिसल्या तर रुसाव्स्किया सोरेडिएटा असू शकतं.

अडकलेला_दगड
आत्ता खडकापाशी जाऊन करून बघितलं. पाळी सुटली, खालून पांढरी. भुकटी नाही. मधोमध केशरी वाट्या भरपूर, कडा थोड्या फिकट.

भिंगवाला
मग रुसाव्स्किया एलेगन्स लिहा आणि खाली जुनं नाव झँथोरिया एलेगन्स म्हणून टाका, म्हणजे जुनं_ते_सोनं यांनाही सापडेल. आणि दगड कोणत्या प्रकारचा होता ते पाकिटावर हवंच. तुम्ही अजून ते सांगितलेलंच नाही.

अडकलेला_दगड
दगडाचा तुकडा आणला नाही. काळपट होता.

सदाहरित
मूर्तीवरचं काढायचं असेल तर काय वापरावं? कुणी सांगेल का?