सेकंड अपीलचा मेमो एआयकडून लिहून घेतला तर हायकोर्टात चालतो का? (बांधाचा दावा)

केळीवाला_तापीकाठ
राम राम मंडळी. शेत आईच्या नावावर, शेजारच्याने बांध कोरत कोरत सहा गुंठे आत घेतले. आम्ही सरकारी मोजणी आणली, दावा लावला, तालुक्याच्या कोर्टात आमच्यासारखा निकाल झाला, मग तो अपिलात गेला आणि जिल्हा कोर्टाने सगळं उलटं केलं. आता संभाजीनगर खंडपीठात सेकंड अपील करायचंय. तिथल्या वकिलांनी फी सांगितली ती ऐकून पुढच्या वर्षी केळी लावायची की नाही असा प्रश्न पडला. म्हणून निकालाची पीडीएफ चॅटजीपीटीला दिली आणि म्हटलं मेमो, म्हणजे अपिलाचा अर्ज, तयार कर. त्याने एकदम हायक्लास इंग्रजीत वीसेक मुद्दे, सुप्रीम कोर्टाचे निकाल, शेवटची विनंती, सगळं दिलं. माझा साडू बँकेत आहे, तो म्हणे वकिलापेक्षा भारी. पण त्यातले दोन निकाल शोधले तर कुठेच सापडत नाहीयेत. हेच वकिलांना देऊन फी कमी करा म्हटलं तर चालेल का, की मीच उभा राहू?

अमळनेरची_वकील
भाऊ, मी खंडपीठातच प्रॅक्टिस करते, स्पष्ट सांगते. ते दोन सापडत नाहीत म्हणजे बहुतेक ते नाहीतच. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात विमान कंपनीविरुद्धच्या केसमध्ये वकिलांनी असेच चॅटजीपीटीने बनवलेले निकाल लावले, कोर्टाने 5000 डॉलर दंड ठोकला. लांब कशाला, 2025 मध्ये आपल्या मुंबई हायकोर्टाने इन्कम टॅक्सची एक असेसमेंट रद्द केली, त्यात अधिकाऱ्याने अस्तित्वातच नसलेल्या निकालांचा आधार घेतला होता. तिथे तर सरकारी अधिकारी होता, तुम्ही-आम्ही कोण. सुप्रीम कोर्टाचे निकाल ईएससीआर पोर्टलवर फुकट आहेत, तिथे उघडून स्वतः वाचल्याशिवाय एकही लावू नका. आणि निकाल खरा निघाला तरी त्यात तेच म्हटलंय का ते बघा, कारण खऱ्या नावाखाली भलताच मजकूर हे तर रोजचं झालंय.

पण खरी अडचण वेगळीच आहे. सेकंड अपील म्हणजे तीच भाकर परत भाजायची नाही. सीपीसी, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम 100 प्रमाणे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागतो आणि तो मेमोतच नेमका लिहावा लागतो. "निकाल पुराव्याविरुद्ध आहे, अन्यायकारक आहे" असे वीस मुद्दे असले तरी अॅडमिशनलाच, म्हणजे दाखल करून घ्यायच्या टप्प्यावरच, उडतं. तुमच्या मेमोत तसलेच असतील, पैज लावते.

आता मला सांगा, जिल्हा कोर्टाने मोजणीचा नकाशा का मानला नाही?

केळीवाला_तापीकाठ
ताई पैज जिंकलात, पहिलाच मुद्दा तो आहे 😅 नकाशा मानला नाही कारण म्हणे मोजणीच्या वेळी शेजाऱ्याला नोटीस दिल्याचा पुरावा नाही. पण भूकरमापकाने उलटतपासात सांगितलंय की नोटीस दिली होती, आणि पोचसुद्धा दाखल आहे.

अमळनेरची_वकील
मग मेमो इथे आहे भाऊ! तुम्ही मशीनला फक्त निकाल दिला, आणि निकालात ती पोच नाहीच, तर त्याला कुठून दिसणार. पहिल्या अपिलाच्या कोर्टाने, म्हणजे इथे जिल्हा कोर्टाने, सीपीसीच्या ऑर्डर 41 नियम 31 प्रमाणे मुद्दे काढून कारणं द्यायची असतात, आणि खालचा निकाल उलटवायचा तर खालच्या कोर्टाची कारणं का पटली नाहीत ते सांगावं लागतं. 2001 चा संतोष हजारी निकाल वाचा, हा खरा आहे. दाखल पुरावा बघितलाच नाही आणि त्यावरच निकाल फिरवला, हा कायद्याचा प्रश्न होऊ शकतो. शिवाय हद्दीच्या वादात कोर्ट कमिशनर नेमून मोजणी का केली नाही हे पण बघा, त्यावर 2008 चा हरियाणा वक्फ बोर्ड विरुद्ध शांती सरूप आहे.

शहादेकर_पुणे
मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून जरा दुसरी बाजू. ताई बरोबर आहेत पण एआय टाकाऊ नाही, काम चुकीचं दिलंय. ते पुढचा शब्द कोणता शोभेल ते बघून लिहितं, निकालाचं नावही तसंच जुळवतं. म्हणून "निकाल शोध" म्हणायचंच नाही. उलट सगळ्या साक्षी, निशाण्या (कोर्टाने नंबर दिलेले पुराव्याचे कागद) टाइप करून द्या आणि म्हणा यातूनच तारखांचा तक्ता कर, नोटीशीबद्दल कोण काय बोललं ते पान नंबरासकट काढ, बाहेरचं काही घालू नको. मग प्रत्येक पान स्वतः ताडून बघा. हाताने लिहिलेल्या जबानीचा फोटो टाकला तर तो "नोटीस मिळाली नाही" मधला नाही गिळू शकतो, हे लक्षात ठेवा. आधार नंबर, फोन नंबर आधी खोडा.
आणि एक, राग नका मानू ताई, वकील लोकही हेच वापरतात, फक्त बिलात दिसत नाही.

अमळनेरची_वकील
वापरतात, मी पण वापरते, भाषा नीट करायला. पण खाली सही माझी असते आणि कोर्टात प्रश्न मला विचारतात, फी त्याची आहे.

जुना_शिरस्तेदार_धुळे
भो, निकालाची नक्कल कव्हय भेटनी ते सांग पहिले. सगळे निकालांवर भांडतायत आणि मुदतीचं कोणी विचारत नाही. हायकोर्टात 90 दिवस, डिक्रीच्या तारखेपासून. नक्कल मिळायला लागलेला वेळ वजा होतो, पण अर्ज कधी केला आणि नक्कल कधी तयार झाली ते नकलेवरच्या शिक्क्यात बघ. उशीर झाला तर डिले माफीचा अर्ज वेगळा, आणि त्यात "चॅटजीपीटीशी चर्चा चालू होती" असं कारण देऊ नको 😀

दुसरं, शेत आईच्या नावावर म्हणतोस ना, मग फीचं रडगाणं कशाला. विधी सेवा कायद्याच्या कलम 12 मध्ये बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती ते बघत नाहीत. खंडपीठात विधी सेवा उपसमितीचं ऑफिस आहे, आईच्या सहीचा अर्ज दे. स्वतः उभा राहायचं तर विसर, अपील आईचं आहे, तू पक्षकारच नाहीस.

केळीवाला_तापीकाठ
हे मोफत वकिलाचं कोणीच सांगितलं नव्हतं काका. नक्कल मागच्या महिन्यात मिळाली, मुदत आहे अजून. पोच निशाणी 47 ला आहे, भूकरमापकाची जबानी हातानेच लिहिलेली आहे, टाइप करायला बसतो. पण साडू म्हणतो मोफतचा वकील लक्ष देत नाही, खरं का?

जुना_शिरस्तेदार_धुळे
साडूला बँक बघू दे. काही मन लावून करतात, काही नाही, फी घेणारेही तसेच असतात. तू तक्ता आणि निशाणी 47 हातात घेऊन जा, मग कोणताही वकील असो, पहिल्या पाच मिनिटांत कळतं त्याने कागद वाचले की नाही. नाहीच पटला तर समितीला वकील बदलून मागता येतो.