मदत हवी आहे: दुसऱ्यांदा बायपास की स्टेंट? (ठाणे/नवी मुंबई)

नमस्कार मंडळी. रुग्ण पुरुष, वय 68, राहणार कळवा. 2011 ला बायपास, तीन ग्राफ्ट (ब्लॉकला वळसा घालायला जोडलेल्या रक्तवाहिन्या). आता एक जिना चढला की छाती आवळते, सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवली की थांबते. अँजिओग्राफीत लिमा (छातीतली धमनी) छान चालू, पायाच्या शिरेचे दोन्ही ग्राफ्ट बंद. शिरा दहा वर्षांत निम्म्याच्या आसपास बंद पडतात, तेव्हा नवल नाही. हृदयाचं पंपिंग 45 टक्के, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) 1.4.

सर्जन रीडू (पुन्हा बायपास) म्हणतात, कार्डिओलॉजिस्ट मूळ धमनीत स्टेंट. लिमा चालू असेल तर सहसा स्टेंटकडेच कल असतो: छातीचं हाड पुन्हा कापताना मागे चिकटलेली लिमा करवतीखाली आली, तर आहे तो रक्तपुरवठाही जातो. अडचण अशी की उजवी धमनी पूर्ण बंद आणि कॅल्शियमने कडक. तिथे स्टेंटसाठीची तार पुढे सरकणं सोपं नाही.

ठाणे, वाशी, नेरुळकडे असे जुने पूर्ण ब्लॉक नियमित उघडणारं कोणी माहीत आहे का? रीडूच करायचं ठरलं तर हाड आणि लिमामधलं अंतर बघायला आधी सीटी करतात का? (शिरेतून डाय द्यावा लागणार, तो किडनीला जड जाऊ शकतो, म्हणून क्रिएटिनिनची धास्ती.) हाड कापण्याआधी मांडीतून हार्ट-लंग मशीनची तयारी ठेवतात का? एका पायाची शिरा आधीच काढलीय. नव्या ग्राफ्टसाठी दुसऱ्या पायाच्या शिरेचा आणि हाताच्या धमनीचा डॉप्लर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) कुठे नीट होतो? क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे, ऑपरेशनआधी पाच दिवस बंद ठेवावी लागते, म्हणून तारीख घेण्याआधी उत्तरं हवीत.

"आमच्या ओळखीचे बरे झाले" एवढंच नको, कृपया वरच्या मुद्द्यांवर सांगा.