किल्ल्यावर डबी लपवावी का?

लष्करवासी: रविवारी पुतण्याबरोबर ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर गेलो होतो. त्याला जिओकॅशिंगचं वेड आहे. कुणी डबी लपवून अक्षांश-रेखांश देतं, बाकीचे जीपीएसवर ती शोधतात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि डबी होती तिथेच ठेवतात. आम्हाला एका जुन्या भिंतीत सापडली. दोन दगडांच्या सांध्यात कोंबलेली, आणि ती नीट बसावी म्हणून चुना खरवडलेला! पांढरी भुकटी अजून खालच्या दगडावर होती. पोटात तुटलं. संरक्षित वास्तूत डबी नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे.

भटकी ताई: दादा, चुना खरवडणं वाईटच. पण एकाच्या चुकीपायी सगळ्यांना बंदी का? खणायचं नाही, जागेच्या मालकाला विचारायचं, हे खेळाचेच नियम आहेत. माझी लेक किल्ल्याचं नाव काढलं की तोंड वाकडं करायची. डबीच्या नादाने आली आणि किल्ल्याच्या कड्यात कोरलेल्या गोपाचलच्या जैन मूर्तींपुढे अर्धा तास उभी राहिली.

लष्करवासी: लेकीचं कौतुकच आहे, ताई. पण मोबाइलचा जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, आणि उंच भिंतीलगत तर जास्तच. म्हणजे डबी कितीही जपून ठेवली तरी येणारा प्रत्येक जण तेवढ्या टप्प्यातली फट न् फट चाचपणार. त्यात गुप्तधनाच्या आशेने जुन्या जागा उकरणारे आपल्याकडे कमी आहेत का? त्यांनी हे अक्षांश-रेखांश पाहिले तर?

नकाशेवाला: वास्तूत डबीची गरजच नाही. किल्ल्याच्या चढावर चतुर्भुज मंदिर आहे, अख्खं एका खडकात कोरलेलं. तिथल्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात २७० हात लांबीची बाग आणि रोजच्या ५० माळा असे आकडे आहेत, त्यात शून्य कोरलेलं आहे. ते आकडे शोधायला लावा, त्यांवरून पुढचा पत्ता काढू द्या. डबी खाली शहरात, एखाद्या दुकानदाराला विचारून त्याच्या दुकानात ठेवा.

भटकी ताई: आकडे तर मुलं घरबसल्या मोबाइलवर शोधतील! हात घालून शोधण्यातली गंमत गेली की मुलं येणार नाहीत.

नकाशेवाला: मग असं विचारा, जे तिथे उभं राहिल्याशिवाय सांगताच येणार नाही. लेखाच्या किती ओळी आहेत, शून्य बाकीच्या अंकांपेक्षा लहान कोरलंय का?

लष्करवासी: हे पटलं. पण ती डबी आधी निघाली पाहिजे. ठेवणाऱ्याला निरोप दिलाय आणि डब्या तपासून मंजूर करणाऱ्या खेळाच्या परीक्षकांनाही फोटो पाठवलाय.

भटकी ताई: ती काढाच, त्यात दुमत नाही. पण पायथ्याच्या बागेत, परवानगी काढून ठेवली तर? तिथे कुठला चुना आहे, दादा?