मदत हवी आहे: कोणीही जिंको, आपला नफा पक्का?

नमस्कार मंडळी. परवा इंदूरच्या सराफ्यात गराडू खाताना भाच्याने डोक्यात किडा सोडला. टेनिसच्या एकाच सामन्यात एका बेटिंग साइटवर एका खेळाडूला २.१० भाव (म्हणजे तो जिंकला तर लावलेल्या रुपयाचे २.१० परत), दुसरीवर समोरच्याला २.०५. दहा हजारांपैकी ४,९४० इकडे, ५,०६० तिकडे. कोणीही जिंको, ३७३ रुपये सुटतात. वहीत मांडून पाहिलं, चूक सापडेना (म्हणूनच जास्त भीती वाटते). पण एक पैज लागली आणि तेवढ्यात दुसरीकडचा भाव घसरला तर? असं करणाऱ्यांची पैज लावायची मर्यादा साइटवाले लगेच कमी करतात म्हणे, खरं का? शिवाय २०२५च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंदच केलेत ना? भाचेसाहेबांना पन्नास हजार हवेत, अर्थात मामाकडून. कोणाला अनुभव असेल तर सांगा, रविवारी तो पुन्हा येतोय.